शोकेसमधली तीन खोकी

दुकानात त्यांना सगळे खोकेकाका म्हणत. दुकान पाच मजली, रस्त्याच्या बाजूला सहा शोकेस, आणि त्या सजवायचं काम गेली एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. सणाच्या दिवसांत काचेपलीकडे भेटींची जी रास दिसते, चकचकीत कागदात गुंडाळलेली, फिती बांधलेली, ती सगळी त्यांच्या हातची. आत काही नसायचं. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. दुकानाचं दार सारखं उघडायचं, वारा आत शिरायचा आणि वरची खोकी गडगडत खाली यायची. म्हणून ते प्रत्येक खोक्यात मुठीएवढा विटेचा तुकडा घालत आणि भोवती रद्दी कोंबत, म्हणजे कुणी हलवलं तरी वाजायला नको.

एका वर्षी एक बाई हट्टालाच पेटल्या. त्यांना शोकेसमधलं निळं खोकंच हवं होतं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की त्यात काही नाहीये. बाई म्हणाल्या, नसू दे, मला हेच द्या. शेवटी मॅनेजरने आत एक कप ठेवला आणि ते विकून टाकलं. खोकेकाकांनी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा बायको हसून हसून बेजार झाली होती. मग डोळे पुसत तिने विचारलं होतं, "वीट आधी काढून घेतली ना पण?"

बायको जाऊन आता सात महिने झाले होते.

सण जवळ आला तसं दुकान अंगात आल्यासारखं करू लागलं. पूर्वी सणाच्या आधी पंधरा दिवस शोकेस सजायच्या. मग महिनाभर आधी सजायला लागल्या. या वर्षी मॅनेजर म्हणाला, काका, दीड महिना आधी हव्यात, समोरच्या दुकानाने सुरुवातसुद्धा केली. 'शेवटचे तीन दिवस' ही पाटी पहिल्याच आठवड्यात लागली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. लोक वाचायचे आणि पावलं उचलायचे. पाटी खोटी आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. खोकेकाका काचेच्या आतून, गुडघ्यांवर बसून फिती बांधता बांधता, त्यांचे चेहरे बघत. हातात चार पिशव्या, कपाळावर आठ्या, आणि ओठांवर कुणाची तरी यादी. आई, सासरे, साहेब, शेजारी. कुणी राहिलं तर नाही ना, याची धास्ती. त्यांना त्या लोकांचा कधी राग आला नाही. वर्षभर ज्यांच्याकडे जायला जमलं नाही त्यांची भरपाई एका दुपारी करायची म्हणजे माणूस पळणारच.

दरवर्षी सणाच्या दिवशी चार घरं एकत्र जेवत. खोकेकाकांचं, शिंप्याचं, ड्रायव्हरचं आणि नर्सचं. शिंपी आणि ड्रायव्हर खोकेकाकांचे लहानपणापासूनचे दोस्त. नर्स बायकोची शाळेपासूनची मैत्रीण, एकटी राहणारी, तोंडाने फटकळ. कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने एकेक भांडं भरून आणायचं, पोटभर जेवायचं, पत्त्यांत एकमेकांना फसवायचं, आणि निघताना दारात एकमेकांच्या हातात भेट द्यायची. एकतीस वर्षं सबंध शहराच्या भेटी गुंडाळणाऱ्या माणसाने आपल्या तीन दोस्तांसाठी एकदाही भेट निवडली नव्हती. ते खातं बायकोचं. ती काय द्यायची ते त्यांनाही दुसऱ्या दिवशी कळायचं.

तर या वर्षी, सणाच्या आठवडाभर आधी, जेवणाच्या सुट्टीत खोकेकाका पहिल्यांदाच टोपली घेऊन आपल्याच दुकानात गिऱ्हाईकासारखे फिरले. तीन माणसांसाठी तीन वस्तू. सोपं होतं. त्यांनी एक वासाची मेणबत्ती उचलली. मग 'जगातला सर्वात चांगला मित्र' असं लिहिलेला कप उचलला. ड्रायव्हर या कपातून चहा पितोय असं डोळ्यांसमोर आणलं आणि तो परत ठेवला. तिसऱ्या मजल्यावर पाय चेपायचं यंत्र होतं. ते घेतलं, दोन मजले खाली आणलं, मग पुन्हा वर नेऊन ठेवलं. सुट्टी संपली तेव्हा टोपलीत मेणबत्ती तेवढी राहिली होती. तीही त्यांनी दाराजवळच्या फळीवर ठेवून दिली.

त्या संध्याकाळी त्यांनी घरातलं बायकोचं कपाट उघडलं. सात महिने त्याला हात लावला नव्हता. साड्यांकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांना वापरातल्या वस्तू हव्या होत्या. ओट्याजवळ दिवसभर चालणारा तिचा छोटा रेडिओ शिंप्याला द्यायचा, तो आणि त्याची बायको दिवसभर मशीनवर असतात. तिचा थर्मास ड्रायव्हरला. तो शहराबाहेरची बस चालवतो, टपरीवरचा गार चहा पितो आणि शिव्या देतो. आणि तिचं मनगटी घड्याळ नर्सला. लांब सेकंदकाट्याचं, चावीचं. नर्सला नाडी मोजायला चालेल.

ठरवलं खरं, पण घरी गुंडाळता येईना. घड्याळ हातात घेतलं की ते खुर्चीवर बसत आणि बसूनच राहत. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही वस्तू पिशवीत घालून दुकानात नेल्या. तिथे टेबलापुढे उभं राहिलं की हात आपले आपण चालत, डोक्याला विचारत नसत.

घोटाळा झाला तो तिथेच.

दुकानात खोकी तीनच मापांची, मोठं, उभं आणि लहान. रेडिओ मोठ्यात बसला, थर्मास उभ्यात, घड्याळ लहानात. कागद तोच, फीत तीच. आणि खोकेकाकांची एक पद्धत होती. तयार झालेल्या खोक्याच्या तळाला पेन्सिलीने फुली मारायची. फुलीवालं खोकं शोकेसमध्ये जायचं, बिनफुलीचं टेबलावर राहायचं. आपल्या तिघांवर फुली मारायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण गाठ बांधून झाली, खोकं उलटं केलं आणि हाताने फुली मारून टाकली. एकतीस वर्षांची सवय. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यानंतर त्यांनी शोकेससाठी आणखी तीन खोकी गुंडाळली, तिन्ही मापांचं एकेक. त्यांवर फुली मारणार एवढ्यात मॅनेजरने हाक मारली, की तिसऱ्या शोकेसची खालची ओळ विरळ दिसतेय, पटकन भरा. खोकेकाकांनी टेबलावरची फुलीवाली सगळी खोकी छातीशी धरून नेली आणि रचली. परत आले तर टेबलावर बिनफुलीची तीन खोकी, एक मोठं, एक उभं, एक लहान. त्यांनी ती पिशवीत घातली आणि घरी गेले.

सणाच्या दिवशी त्यांना जायचं नव्हतं. डोकं दुखतंय असं त्यांनी कळवलं होतं. नर्स साडेबाराला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की डोकं दुखत असेल तर माझ्याकडे गोळी आहे, आणि दुखत नसेल तर चपला घाला.

जेवण शिंप्याकडे होतं. पुढच्या खोलीत कापडाचे ठाण एका बाजूला सारले होते, मशीन पुढे ओढून त्यावरच भांडी मांडली होती. बायकोचा विषय कुणी काढला नाही. सगळे इतकं जपून बोलत होते की खोकेकाकांना पाहुण्यासारखं वाटायला लागलं. पत्त्यांत ड्रायव्हर दरवर्षी उघड उघड लबाडी करायचा आणि खोकेकाकांची बायको त्याची बाही झाडून पानं बाहेर काढायची. या वर्षी त्याने एकही पान लपवलं नाही. तीन डाव सरळ खेळून तो तिन्ही हरला, आणि कुणाला मजा आली नाही.

निघताना दारात खोकेकाकांनी तिघांच्या हातात तीन खोकी दिली. काय आहे ते सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. "तिच्या वतीने समजा," एवढंच म्हणाले. नर्सला देताना लहान खोकं हाताला जड लागलं. त्यांना वाटलं, आपलाच हात जड झालाय.

घरी येऊन ते त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

नंतरचे दिवस मात्र चमत्कारिक गेले. दोन दिवसांनी शिंपी रस्त्यात भेटला. त्याने खोकेकाकांचा हात हातात घेतला, दाबला, भेट मिळाली बरं का म्हणाला आणि एकदम हवेतल्या गारठ्याबद्दल बोलायला लागला. ड्रायव्हरने बस थांब्यावर जरा जास्तच वेळ उभी केली, खिडकीतून वाकून छान आहे रे, छान आहे असं दोनदा म्हटलं, आणि मागचे प्रवासी ओरडायला लागले तसा निघून गेला. रेडिओ हा शब्द कुणी उच्चारला नाही, थर्मास हाही नाही. खोकेकाकांनी मनाची समजूत घातली. तिची वस्तू बघून त्यांना भरून आलं असणार, बोलवत नसेल. आपल्याला तरी कुठे बोलता आलं?

पण नर्स काहीच म्हणाली नाही. आठ दिवस झाले, नऊ झाले. दोनदा भाजीच्या दुकानात दिसली, दोन्ही वेळा तब्येतीची चौकशी करून गेली. भूक लागते का, झोप लागते का, तारीख-वार लक्षात राहतात का. हे शेवटचं त्यांना जरा खटकलं. पण त्याहून जास्त खटकलं ते तिचं मनगट. तिथे तिचं जुनं, प्लास्टिकच्या पट्ट्याचंच घड्याळ होतं. खोकेकाकांना ते फार लागलं. तिघांमध्ये तिची वस्तू सगळ्यात जिव्हाळ्याची होती. बायकोच्या शेवटच्या दिवसांत हिनेच तिची नाडी धरली होती.

दहाव्या दिवशी त्यांना राहवेना. जेवणाच्या सुट्टीत ते तडक दवाखान्यात गेले. नर्स औषधाच्या बाटल्या कपाटात लावत होती.

"बंद पडलं का ते?" त्यांनी विचारलं.

"काय बंद पडलं?"

"घड्याळ. आवडलं नसेल तर तसं सांगा. मी परत नेतो."

नर्सने हातातली बाटली खाली ठेवली. "कुठलं घड्याळ, भाऊजी?"

"मी दिलेलं. तिचं."

मग तिने स्टूल पुढे सरकवलं आणि त्यांना बसवलं. "भाऊजी," ती म्हणाली, "माझ्या खोक्यात वीट होती."

मग सगळं बाहेर आलं. तिन्ही घरांत सणाच्या संध्याकाळी खोकी उघडली गेली, तिन्ही घरांत विटेचे तुकडे निघाले. दुसऱ्या दिवशी सगळे नर्सकडे गोळा झाले होते. ड्रायव्हरचं म्हणणं, लेकाच्याचं डोकं फिरलंय, एखाद्या डॉक्टरला दाखवू. शिंपी म्हणाला की काही बोलायचं नाही, माणूस आधीच खचलाय, उगाच ओशाळेल. शिंप्याची बायको म्हणाली, त्यात काहीतरी अर्थ असणार, आपल्याला कळत नाही एवढंच. आणि तिने तो तुकडा धुऊन खिडकीत ठेवला. ठरलं असं की आभार मानायचे आणि गप्प बसायचं. नर्सला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून ती नुसतीच गप्प बसली.

खोकेकाकांना आधी हसू आलं. ते टिकलं मात्र नाही. फुली, मॅनेजरची हाक, टेबलावरची तीन खोकी, सगळं एकापाठोपाठ आठवलं आणि ते स्टुलावरून उठले.

"शोकेस काल उतरवल्या," ते म्हणाले. "सगळी खोकी मागच्या अंगणात टाकलीत. आज चारला भंगारवाला येतोय."

नर्सने घड्याळात बघितलं, त्या प्लास्टिकच्या. अडीच वाजून गेले होते. तिने दुसऱ्या नर्सला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं, अंगावरचा कोट काढून खुंटीला टांगला आणि फोन उचलला.

दुकानाच्या मागच्या अंगणात पावणेतीनशे खोकी भिंतीला टेकून पडली होती. खोकेकाकांनी ती एवढ्या संख्येने, अशी बेवारशी, कधी बघितली नव्हती. शोकेस उतरवल्या की ते त्या आवाराकडे फिरकत नसत. रात्रीच्या दवाने रंगीत कागद फुगले होते. मॅनेजर खाली आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला काही कळेना. काका, ती तर रिकामीच असतात ना, तुम्हीच गुंडाळलीत, असं तो समजावून सांगायला लागला. खोकेकाकांनी त्याला खरं काय ते सांगितलं. दुकानाच्या कागदात घरची वस्तू गुंडाळली, चूक झाली, हेही सांगितलं. मॅनेजरने हातातलं घड्याळ बघितलं. मग म्हणाला की चारपर्यंत शोधा, कचरा पसरवू नका, आणि पुढच्या सणाच्या शोकेसचं उद्या बोलू. पुढच्या सणाला अजून दोन महिने होते.

शिंपी कात्री घेऊन आला, त्याची बायको गळ्यात मापाची पट्टी तशीच ठेवून मागोमाग आली. ड्रायव्हरची त्या दिवशी सकाळची पाळी होती, तो गणवेशातच आला. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. मग ड्रायव्हर म्हणाला, "तळाला फुली बघायची का?"

"सगळ्यांवर फुली आहे," खोकेकाका म्हणाले. "आपल्या तिघांवरसुद्धा."

"शाबास," ड्रायव्हर म्हणाला आणि मांडी घालून बसला.

पहिली वीस-पंचवीस खोकी खोकेकाका नीट उघडत होते. गाठ सोडायची, फीत गुंडाळायची, कागद न फाडता उलगडायचा. नर्स म्हणाली की असंच चाललं तर पुढच्या सणापर्यंत पुरेल, फाडा. त्यांनी फाडलं. स्वतःच्या हातची घडी फाडताना त्यांना वाटलं होतं जिवावर येईल. तसं काही झालं नाही. वीट, रद्दी. वीट, रद्दी. एकतीस वर्षांत त्यांनी अशी किती बांधली असतील, आणि काचेबाहेर किती पोरांनी आईचा पदर ओढून त्यांतलं एखादं मागितलं असेल. त्या आयांनी वर जाऊन काहीतरी विकत घेतलंच असेल. कप, मेणबत्त्या, पाय चेपायची यंत्रं. त्यातलं किती आता कुणाच्या कपाटात न उघडता पडून असेल? या विचाराने त्यांना दुकानाचा राग आला, मग स्वतःचा आला, मग वाटलं, राग कशाला, आपणही टोपली घेऊन फिरलोच की.

साडेतीनला शिंप्याच्या बायकोला रेडिओ सापडला. तिने तो छातीशी धरला आणि तिथेच, रद्दीत बसून, रडायला लागली. "मी तिथे बसून यावर गाणी ऐकलीयेत, भाऊजी," ती म्हणाली. 'तिथे' म्हणजे खोकेकाकांच्या ओट्याजवळ, हे सगळ्यांना कळलं. सात महिन्यांत खोकेकाकांच्या बायकोचा विषय कुणीतरी पहिल्यांदा काढला होता. शिंपी बायकोला गप्प करायला निघाला होता, खोकेकाकांनी त्याला हातानेच थांबवलं.

थर्मास निघाला तो खळखळत. खोकी अंगणात फेकताना आतली काच फुटली होती. ड्रायव्हरने तो कानाशी हलवून बघितला. खोकेकाकांचा चेहरा पडला तसा तो म्हणाला की आतली काच नवीन बसवून मिळते, स्टँडवर एक जण बसवतो, ओळखीचा आहे. ओळखीचा होता की नव्हता कोण जाणे.

चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो आला. अजून नव्वदएक खोकी शिल्लक होती आणि घड्याळ त्यांतल्या कुठल्यातरी एकात होतं, किंवा फाडलेल्या रद्दीबरोबर आधीच ढिगात गेलं होतं. खोकेकाकांना दुसरी शक्यता तोंडाने म्हणवेना. भंगारवाला घाईत होता, त्याला आणखी तीन दुकानं करायची होती. खोकेकाका पुढे होऊन विनवायला लागले. त्यांना विनवण्या येत नसत, बोलताना वाक्यं अर्धीच राहत होती. नर्सने त्यांना बाजूला केलं आणि विचारलं की या पुठ्ठ्याचं तू काय करणार, चपटा करून गठ्ठे बांधणार ना? मग ही नव्वद आम्हीच चपटी करून देतो. आत्ता टेम्पोत घाल, शिंप्याच्या दारात उतरव, आणि उद्या सकाळी तिथून बांधलेले गठ्ठे उचल. तुझी मेहनत वाचली. भंगारवाल्याने विचार केला. विटा पण तुमच्याच, तो म्हणाला, मी विटा नेत नाही.

आणि फाडलेली रद्दी? नर्सने तीही मागितली. पोत्यात भरून तीही गेली.

संध्याकाळी शिंप्याची पुढची खोली छतापर्यंत खोक्यांनी भरली. सणाच्या जेवणातलं उरलेलं काही नव्हतंच, दहा दिवस झाले होते. शिंप्याच्या बायकोने चहा टाकला आणि भात-भाजी चढवली. खोक्यांच्या मध्ये जागा करून पाच जण जमिनीवर बसले. रेडिओ मशीनवर लागला होता. बातम्या संपल्या, गाणी लागली. प्रत्येक खोकं उघडलं की विटेचा तुकडा दाराजवळ ठेवायचा. ढीग वाढत चालला. तिसाव्या विटेला ड्रायव्हर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अरे वा, हे तर मला हवंच होतं." शिंप्याने पुढचं उघडलं आणि म्हणाला, माझ्या मापाचं आहे. मग सगळेच सुटले. शिंप्याची बायको खिडकीतला धुतलेला तुकडा घेऊन आली आणि म्हणाली की तुम्ही हसा, मी यापुढे रोज उदबत्ती लावणार होते. खोकेकाकांना हसताना ठसका लागला. नर्सने त्यांच्या पाठीवर दोन धपके घातले, रोग्याला घालतात तसे नाही, जोरात.

हसू ओसरल्यावर ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आम्हाला वाटलं, तू गेलास हातचा."

"मग बोलायचं ना तोंडावर," खोकेकाका म्हणाले. "दहा दिवस मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. भंगारात गेली असती तिन्ही. तुमच्या चांगुलपणापायी गेली असती."

शिंप्याने मान खाली घातली. ड्रायव्हर म्हणाला, चुकलं. नर्सने नेटाने पुढचं खोकं ओढलं.

खोकी संपली. घड्याळ नव्हतं. मग त्यांनी पोती उलटी केली आणि चुरगळलेला कागद एकेक बोळा उलगडून बघायला सुरुवात केली. आता कुणी हसत नव्हतं. खोकेकाका दाराशी बसून होते. शोधायचं त्यांनी सोडलं होतं. हरवलं असेल तर हरवलं, असं स्वतःला सांगून बघत होते आणि ते गळी उतरत नव्हतं.

दुसऱ्या पोत्याच्या तळाला, आधीच उघडून फेकलेल्या एका लहान खोक्यात, पुठ्ठ्याच्या दुमडीत अडकलेलं ते शिंप्याला सापडलं. आत वीट लागली नाही, म्हणून आधीच रिकामं केलेलं समजून कुणीतरी ते टाकून दिलं होतं. बहुधा खोकेकाकांनीच.

शिंप्याने ते नर्सच्या हातात दिलं. तिने लगेच घातलं नाही. तळव्यावर ठेवून बघत राहिली. मग खोकेकाकांकडे वळली.

"मी हे कपाटात ठेवणार नाही," ती म्हणाली. "कामावर घालणार. साबणाचे हात लागतील, औषधं सांडतील, कुणी पोरगं ओढेल. काच तडकेल एखाद दिवशी. आत्ताच सांगा. द्यायचंय ना नक्की? नाही म्हणालात तरी मला चालेल."

खोकेकाकांनी तिच्या तळव्याकडे बघितलं. घड्याळाच्या पट्ट्यावर तिसरं भोक वापरून वापरून लांबुळकं झालं होतं. ते त्यांना इतक्या लांबूनही दिसत होतं.

"घाला," ते म्हणाले.

नर्सचं मनगट जाड होतं. तिने शेवटचं भोक लावलं, चावी दिली, कानाशी नेलं. सगळे पुढे वाकून ऐकत होते, जणू त्यांनाही ऐकू येणार होतं. मग तिने प्लास्टिकचं घड्याळ बघून काटे जुळवले.

खोकेकाका उठले, जवळ गेले आणि एका बोटाने पट्ट्याखाली जागा आहे का ते बघितलं, एखादी फीत ताणून बघावी तसं.

"बसतंय," ते म्हणाले.

शिंप्याच्या बायकोने भात वाढायला घेतला.